इंजिन मिसफायर

मिसफायर म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील इंधन व हवा यांचे मिश्रण ठरलेल्या क्षणी न पेटणे, अर्धवट पेटणे किंवा पेटून लगेच विझणे होय. गॅरेजच्या बोलीत यास ‘मिसिंग’ असे म्हणतात. ‘गाडी मिसिंग करते’ किंवा ‘गाडी मिसिंग मारते’ हे प्रयोग महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहेत. मिसफायर हा स्वतंत्र बिघाड नसून बिघाडाचे लक्षण आहे. त्यामागे काजळी धरलेल्या प्लगापासून झिजलेल्या पिस्टन रिंगपर्यंत अनेक कारणे असू शकतात. यांपैकी नेहमी आढळणारी कारणे साधी व स्वस्त असतात आणि मोजक्या हत्यारांच्या साहाय्याने घरीही शोधता येतात. मात्र निदान न करता एकामागून एक सुटे भाग बदलल्यास खर्च वाढतो. आणि दोषाकडे दुर्लक्ष केल्यास इंजिन व धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांची हानी होते.

कार्यतत्त्व

फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात शोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास असे चार टप्पे असतात. या चार टप्प्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात आणि ज्वलन एकदाच होते. मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या मंद गतीने चालणाऱ्या एका सिलिंडरच्या मोटारसायकलीत मिनिटाला ७०० वेळा ज्वलन होते. मोटारीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ज्वलन घडते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते.

प्रत्येक ज्वलनासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात:

१. योग्य प्रमाणातील मिश्रण. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते.
२. पुरेसे संपीडन, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘कॉम्प्रेशन’.
३. जोरदार ठिणगी. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये वाढून प्लगापर्यंत हजारो व्होल्टचा दाब पोहोचतो.
४. अचूक वेळ. पिस्टन वरच्या टोकास पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते.

यांपैकी एकही गोष्ट चुकली की तो फटका वाया जातो. सिलिंडरमधील दाब जितका अधिक, तितका ठिणगी पडण्यास लागणारा विद्युत्‌दाबही अधिक असतो. म्हणून अशक्त कॉइल किंवा वाजवीपेक्षा रुंद फट असलेला प्लग मंद गतीला व्यवस्थित काम करतो, परंतु चढावर, ओझे असताना किंवा एकदम वेग वाढवताना चुकू लागतो.

लक्षणे

मिसफायर होत असताना इंजिनाचा आवाज तुटक येतो, गाडी गचके देते, ओढण्याची ताकद घटते आणि इंधन अधिक लागते. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात एक सिलिंडर बंद पडल्यास गाडी चालू राहते, पण उभ्या गाडीतही थरथर जाणवते. सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो. असे पेट्रोल तप्त सायलेन्सरमध्ये पेटल्यास ‘फट्’ असा मोठा आवाज होतो. त्यास बॅकफायर म्हणतात. इंजिनातून येणारी धातूसारखी खणखण, म्हणजेच नॉकिंग, हा मात्र वेगळा दोष आहे. त्यात मिश्रण पेटते, पण त्याचा काही भाग अवेळी व अनियंत्रितपणे पेटतो.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांत ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. मोटारीत हा दिवा स्थिर असेल तर तपासणी लवकर करावी. तो लुकलुकत असेल तर मिसफायर तीव्र असून धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोका आहे असा त्याचा सामान्य अर्थ असतो. अशा वेळी वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवणे इष्ट ठरते.

कारणे

प्रज्वलन यंत्रणा: काजळलेला, तेलकट, तडा गेलेला किंवा झिजलेला प्लग, सैल अथवा ओलसर प्लग कॅप, चिरलेली हाय-टेन्शन वायर, अशक्त कॉइल, सदोष सीडीआय, जुन्या गाड्यांत करपलेले कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट व निकामी कंडेन्सर.

इंधन व हवा: टाकीत शिरलेले पाणी, कार्ब्युरेटरच्या जेटमधील कचरा, तुंबलेला फिल्टर, इंजेक्टरवर साचलेला थर, अशक्त इंधन पंप, तसेच कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधील रबरी नळीस चीर पडल्याने आत शिरणारी जादा हवा.

यांत्रिक दोष: झडपांचे (व्हॉल्व्हचे) चुकलेले अंतर, जळालेली झडप, झिजलेल्या रिंगा, फुटलेले हेड गॅस्केट, सरकलेली टायमिंग चेन.

डिझेल इंजिनात प्लगाची ठिणगी नसते. संपीडनाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाऊन पेटते. त्यामुळे तेथे मिसफायरची कारणे मुख्यतः इंधन नळीत अडकलेली हवा, तुंबलेला फिल्टर, बिघडलेला इंजेक्टर आणि घटलेले संपीडन ही असतात. टाकी पूर्ण रिकामी होऊन बंद पडलेले डिझेल इंजिन पुन्हा भरल्यावरही नीट चालत नसेल, तर इंधन मार्गातील हवा काढणे, म्हणजेच ‘एअर काढणे’, हा पहिला उपाय असतो.

घरगुती निदान

सुरक्षितता

काम मोकळ्या हवेत करावे. बंद खोलीत इंजिन चालवल्यास रंगहीन व गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वायू साचून जीव जाऊ शकतो. पेट्रोलचे भांडे, पेट्रोलने भिजलेली चिंधी, विडी-सिगारेट किंवा पेटता दिवा जवळ नसावा. प्लग तप्त इंजिनातून काढू नये. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे खराब होतात आणि हातही भाजतो. इंजिन चालू असताना प्लग कॅप किंवा कॉइल ओढून काढण्याची जुनी पद्धत टाळावी. तिने माणसास जोराचा झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतो.

केव्हा होते, हा पहिला प्रश्न

हत्यार हाती घेण्यापूर्वी मिसफायर नेमका कोणत्या परिस्थितीत होतो याची नोंद करावी. त्यावरून शोधाची दिशा ठरते.

• इंजिन थंड असतानाच: ओला प्लग, अडकलेला चोक, गळका इंजेक्टर.
• इंजिन तापल्यावरच: कॉइल किंवा सीडीआयमधील दोष, झडपांचे कमी झालेले अंतर.
• चढावर किंवा ओझे असताना: अशक्त ठिणगी, प्लगाची रुंद फट, तुंबलेला इंधन फिल्टर.
• फक्त मंद गतीला: हवेची गळती, कार्ब्युरेटरच्या स्लो जेटमधील कचरा.
• पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर: प्लग कॅप, हाय-टेन्शन वायर, टाकीतील पाणी.
• खड्ड्यातून जाताना किंवा हँडल वळवताना: सैल जोडणी, आतून तुटलेली वायर.
• नुकतेच पेट्रोल भरल्यावर: भेसळयुक्त किंवा पाणीमिश्रित इंधन.

प्लगाचे निरीक्षण

प्लगाच्या टोकावरून सिलिंडरच्या आत काय चालले आहे ते कळते. प्लग काढण्यापूर्वी त्याच्या भोवतालची माती फुंकून किंवा ब्रशने काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

• फिकट तपकिरी किंवा राखाडी: ज्वलन योग्य आहे.
• काळी, कोरडी काजळी: मिश्रणात पेट्रोल जास्त, तुंबलेला एअर फिल्टर किंवा अशक्त ठिणगी.
• काळा व तेलकट: फोर-स्ट्रोक इंजिनात झिजलेल्या रिंगा किंवा झडपांचे सील, टू-स्ट्रोकमध्ये जादा ऑइल.
• पेट्रोलने ओला: ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोलचा पूर आला आहे.
• पांढरा, टोक वितळलेले: मिश्रणात पेट्रोल कमी, इंजिन अतितप्त किंवा चुकीच्या उष्णता-श्रेणीचा प्लग.

प्लगाचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. सतत थोड्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीत टोक इतके तापत नाही. म्हणून बाजारापुरत्या फिरणाऱ्या गाडीचा प्लग लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षा लवकर काळा पडतो.

ठिणगीची चाचणी

बाजारात मिळणारा स्पार्क टेस्टर वापरणे सर्वांत सुरक्षित असते. तो नसल्यास काढलेला प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूस घट्ट टेकवतात आणि किक मारतात. प्लगाच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, त्यामुळे चाचणीचा प्लग त्या भोकापासून दूर धरणे अत्यावश्यक आहे. निळसर व खणखणीत ठिणगी चांगली समजली जाते. पिवळट व विरळ ठिणगी अशक्त असते. मात्र उघड्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरच्या दाबाखालीही पडेलच असे नाही.

अंधारात इंजिन चालू ठेवून वायर व कॅप लांबून पाहिल्यास चिरेतून बाहेर पडणाऱ्या बारीक निळ्या ठिणग्या दिसू शकतात.

अदलाबदल

एकाहून अधिक सिलिंडर असलेल्या इंजिनात ही सर्वांत विश्वसनीय व बिनखर्चाची चाचणी आहे. इंजिन बंद करून संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर आणि शेजारची या सिलिंडरवर बसवतात. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल बिघडलेली आहे. तो जागीच राहिला तर हीच चाचणी प्लगावर व नंतर इंजेक्टरवर करतात. एका वेळी एकच भाग हलवावा. दोन भाग एकदम बदलल्यास गाडी सुधारली तरी दोष कशात होता हे कळत नाही.

स्कॅनर

२०१० नंतरच्या दशकात भारतातील मोटारींमध्ये ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स ही स्वयंनिदान यंत्रणा सार्वत्रिक झाली. मोबाइल फोनला जोडता येणाऱ्या साध्या स्कॅनरने तिच्यातील संकेतांक वाचता येतात. ‘पी ०३००’ म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरांत अनियमित मिसफायर. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधील मिसफायर, याप्रमाणे पुढे. क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म घट मोजून संगणक हा निष्कर्ष काढतो. संकेतांक सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून संकेतांक वाचल्यावरही अदलाबदलीची चाचणी करावी लागते.

कॉम्प्रेशनची चाचणी

प्लग, ठिणगी व इंधन ठीक असल्यास प्लगाच्या जागी दाबमापक बसवून संपीडन मोजतात. सिलिंडरांच्या मापांत मोठी तफावत असल्यास कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा माप घेतात. माप वाढले तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष झडपेत किंवा हेड गॅस्केटमध्ये असण्याची शक्यता असते. येथून पुढचे काम सामान्यतः मेकॅनिककडे सोपवावे लागते.

दुरुस्ती

प्लग: साध्या निकेल प्लगावरील काजळी पेट्रोलऐवजी प्लग क्लिनरने किंवा मऊ ब्रशने काढावी. तारेच्या कडक ब्रशने घासल्यास चिनी मातीच्या भागावर धातूचे कण चिकटतात, त्यातून वीज झिरपते आणि स्वच्छ दिसणारा प्लगही चुकतो. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे बारीक टोक कधीही घासू नये. फट फिलर गेजने मोजून उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. दुचाकींमध्ये ती बहुधा ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. प्लग प्रथम हातानेच आट्यांत बसवावा. हाताने घट्ट झाल्यावर नव्या प्लगाला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. जुना प्लग परत बसवताना फेऱ्याचा बारावा भागही पुरेसा असतो. वाजवीपेक्षा जास्त आवळल्यास हेडचे आटे जातात आणि अल्प किमतीच्या प्लगापायी मोठा खर्च उद्भवतो.

वायर व कॅप: ओल कोरड्या कापडाने टिपून सुकू द्यावी. कॅप सैल असल्यास वायरचे टोक थोडे कापून ती पुन्हा फिरवून बसवतात. चिरलेली वायर चिकटपट्टी गुंडाळून टिकत नाही, ती बदलावी.

इंधन: कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून साचलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते. जेट तारेने कोरू नये, कारण भोक मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते. तो कार्ब क्लिनरने व हवेच्या झोताने साफ करतात.

एअर फिल्टर: कागदी फिल्टर झटकून किंवा आतून बाहेर हवा मारून साफ करतात व ठरलेल्या अंतरानंतर बदलतात. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, हलके तेल लावून बसवतात.

दुर्लक्षाचे परिणाम

न पेटलेले पेट्रोल तप्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते. तेथील तापमान वाढून आतील जाळीदार रचना वितळू शकते. प्लगाच्या तुलनेत हा भाग कितीतरी पटींनी महाग असतो. सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळणारे पेट्रोल तेथील ऑइलचा थर धुऊन टाकते व रिंगांची झीज वाढवते. धुरातील हायड्रोकार्बनचे प्रमाणही वाढते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार होणाऱ्या प्रदूषण तपासणीत (पीयूसी) मिसफायर करणारी गाडी नापास होण्याचे हे एक कारण आहे. ओव्हरटेक करताना किंवा रेल्वे फाटक ओलांडताना अचानक ताकद गेल्यास अपघाताचा धोका असतो.

इतिहास व भारतातील संदर्भ

एत्येन लेनवार यांनी १८६० मध्ये आपल्या वायू-इंजिनात विद्युत्‌ ठिणगीचा वापर केला. जर्मनीतील बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास साजेसा प्लग सिद्ध केला. त्यामुळे वेगवान इंजिनात खात्रीशीर ठिणगी मिळू लागली.

भारतात सर्वसामान्य कुटुंबास मिसफायरची ओळख झाली ती प्रामुख्याने स्कूटरमुळे. या इतिहासाचा एक धागा वर्ध्याशी जोडलेला आहे. वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी नातू म्हणून दत्तक घेतलेले जमनालाल बजाज (१८८९–१९४२) हे स्वातंत्र्यलढ्यातील नेते व बजाज उद्योगसमूहाचे संस्थापक होत. बच्छराज यांच्याच नावाने १९४५ मध्ये ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. १९४८ पासून तिने आयात केलेल्या दुचाकी व तीनचाकी गाड्यांची विक्री सुरू केली, आणि तिचेच पुढे ‘बजाज ऑटो’ कंपनीत रूपांतर झाले. १९७२ मध्ये बाजारात आलेली चेतक ही स्कूटर अनेक वर्षे मध्यमवर्गीय घरांची मुख्य गाडी होती.

जुन्या चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक होते. पेट्रोलमध्ये साधारण २ टक्के ऑइल मिसळून ते चालवावे लागे. ऑइल अधिक पडले, हलक्या प्रतीचे असले किंवा गाडी सतत हळू चालवली की प्लग काळा पडून मिसिंग सुरू होई. त्यामुळे डिकीत जादा प्लग, प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगण्याची पद्धत पडली. रस्त्याच्या कडेला प्लग साफ करणारा स्कूटरस्वार हे नेहमीचे दृश्य होते. फिलर गेज नसल्यास फट मोजण्यासाठी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरला जाई. त्याची जाडी सुमारे ०.६३ मिलिमीटर असल्याने हा उपाय त्या काळच्या प्लगांना बऱ्याच अंशी जुळत असे. सुरू न होणारी स्कूटर एका बाजूला कलती करण्याचा प्रघातही होता. त्याने इंधनाच्या प्रवाहास मदत होते अशी समजूत असली, तरी प्लग काजळलेला असल्यास त्याचा उपयोग होत नसे.

२००३ मध्ये बजाज पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग असलेली डीटीएस-आय रचना आली. अशा इंजिनात एक प्लग निकामी झाला तरी गाडी चालत राहते. फक्त ताकद व ॲव्हरेज घटते. म्हणून निदान करताना दोन्ही प्लग तपासणे आवश्यक असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा मुख्यतः फ्युएल इंजेक्शनने घेतली. जेट साफ करण्याची गरज संपली, परंतु बॅटरी अशक्त झाल्यास पंप व ठिणगी दोन्ही कमकुवत होऊ लागली. चेतक हे नाव २०१९ मध्ये विद्युत स्कूटरच्या रूपाने परत आले. तिच्यात ज्वलनच नसल्याने मिसफायरचा प्रश्न उद्भवत नाही.

विदर्भातील हवामान व शेती

वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा उन्हात उभ्या गाडीची कॉइल व रबरी नळ्या लवकर कडक होतात. तापल्यावर सुरू होणारे आणि सावलीत थांबल्यावर नाहीसे होणारे मिसिंग बहुधा कॉइल किंवा सीडीआयकडे बोट दाखवते. पावसाळ्यात प्लग कॅपमधील ओल हे प्रमुख कारण ठरते. गोठ्यात किंवा कोठीत बरेच दिवस उभ्या असलेल्या वाहनाच्या वायरी उंदरांनी कुरतडल्याचेही आढळते.

इथेनॉल-मिश्रित पेट्रोल हवेतील व टाकीतील पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो आणि तोच प्रथम इंजिनाकडे जातो. यासाठी टाकीचे झाकण व त्याचे रबर ठीक ठेवणे, तसेच पेट्रोल महिनोन्‌महिने न साठवणे हितावह असते.

जिल्ह्यातील कापूस, सोयाबीन व तुरीच्या शेतीत पेट्रोलवर चालणारे पाठीवरचे फवारणी पंप वापरले जातात. यांपैकी अनेकांची इंजिने टू-स्ट्रोक असल्याने चेतकच्या काळातील दोष त्यांच्यात आजही जसेच्या तसे दिसतात. हंगाम संपल्यावर पेट्रोल आत तसेच राहिल्यास ते उडून जाऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर उरतो आणि पुढील हंगामात पंप मिसिंग करतो. ठेवणीत टाकण्यापूर्वी टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवणे आणि ऑइलचे प्रमाण पंपाच्या पुस्तिकेप्रमाणे मापाने मिसळणे, हे दोन उपाय पुरेसे ठरतात. ऐन फवारणीच्या दिवसांत बंद पडलेला पंप पिकाच्या दृष्टीने नुकसानकारक असल्याने ही काळजी महत्त्वाची आहे.

हे सुद्धा पाहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• स्पार्क प्लग
• कार्ब्युरेटर
• टू-स्ट्रोक इंजिन
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• बजाज ऑटो
• जमनालाल बजाज
• वर्धा जिल्हा